व्हॉल्यूमवरची टिकली

२१ सप्टेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तेच. मी सिंथेसायझर चालू केला अन् बाबांनी डाव्या हातानं आईले खूण केली, खुर्ची भिंतीकडे फिरव म्हणून. आईनं फिरवली. मले राग आला. म्हटलं, "बाबा, भिंत काय गाणं म्हणून दाखवते तुम्हाले?"

आई म्हणाली, "चूप बस वो वैशे. आजारी माणसासंग भांडते काय?"

भांडू नाही तर काय करू. उन्हाळ्यात लकवा आला तेव्हा उजवा हात गेला, बोलणं गेलं. नुसतं "आं... आं" राहिलं. भिंत धरून धरून चालतात. माह्यासंग भांडणारा एकच माणूस होता घरात, तोही चूप झाला.

बाबांचा चोनका, त्यांचं एका तारेचं वाद्य, खुंटीवर टांगलेला आहे. आई धूळ पुसते तेव्हा त्याची तार हलते, टुंव करते. तेवढ्यापुरती आम्ही तिघं आपापल्या जागी थांबतो. मग आई पुढची वस्तू पुसते.

२४ सप्टें.

दिवसभर ब्लाउज. पाटलाच्या सुनेले गळा पुन्हा मोठा पाहिजे.

संध्याकाळी प्रमोदचा फोन, पुण्याहून. सिंथ त्याचाच. हौसेनं घेतला, हौस फिटली, गेल्या दिवाळीत इथं आणून टाकला. त्याच्या साऱ्या हौशी शेवटी आमच्याच सपरीत, या पुढच्या पडवीत, येऊन पडतात. म्हणतो, "ताई, त्याच्यात कोणताबी आवाज बनवता येते."

कोणताबी नाही पाहिजे. एकच पाहिजे.

लिहूनच ठेवते. सासर सोडून आली त्या दिवशी बाबा सपरीत बसले होते. माही पिशवी पाहिली. काही विचारलं नाही. उठले, चोनका काखेत घेतला, डाव्या मुठीत तार धरली, उजव्या हातानं छेडली. तार ढिली तेव्हा आवाज जाडा, घुमणारा. ताणली की वर चढत जाणारा, बारीक होणारा, पण तुटत नव्हता. वाजवतच राहिले. तेवढ्यात माहं रडून झालं. मग म्हणाले, "जेवून घे."

बस. कोणी मले इतकं समजून घेतलं नाही, ना आधी ना नंतर. मले तो आवाज पाहिजे. बाबांसमोर वाजवायचा अन् त्यांनी मान हलवावी. दुसरं काही नको.

१ ऑक्टोबर

सापडलं! म्हणजे अर्धं सापडलं.

कटऑफचं बटन फिरवलं की आवाज उघडते, मिटते. त्याच्या बाजूले रेझोनन्स. (पुढे नुसतं रे. लिहीन, हात दुखते.) कटऑफ एका जागी ठेवून रे. वाढवला तर चक्क टुंव! तार ताणल्यासारखं वर चढलं. मी एवढी ओरडली की आई चुलीपासून धावत आली.

पण बाप्पा, रे. वाढवला की आवाज खाली बसते. टोक राहते, खालचं सारं जाते. मच्छरासारखं काहीतरी कुणकुणत राहते.

प्रमोद म्हणे तसंच असते. "फिल्टर तेवढंच एक टोक उचलते ताई, खालचा बेस दाबून टाकते. जेवढा रेझोनन्स वाढवशीन तेवढा व्हॉल्यूम वाढव. भरपाई करा लागते."

केली. जमलं. पण मग रे. खाली आणला तर बाकीचं सारं धाडकन अंगावर आलं. म्हणजे परत व्हॉ. कमी करा. म्हणजे दोन्ही बटनं संगच चालवा लागतात, एक वर तर एक... सोड. झोप येऊन राहिली.

५ ऑक्टो.

शाहीरकाका आले. बाबांची अन् त्यांची खडी गंमतीची, म्हणजे उभ्यानं करायच्या आमच्याकडच्या तमाशाची, जोडी. काका गायचे, बाबा मागून चोनका. काकाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर राहतात. गाव बुडालं पण दिवाळीनंतरची मंडईची जत्रा त्यांनी सोडली नाही. नव्या मैदानावर दुकानं, पाळणे, अन् भर दुपारी गंमत, जसंच्या तसं.

यंदा म्हणाले, गंमत नाही. "चोनक्याशिवाय का उभं राहू मी? ढोलकीवाले गल्लीगल्लीत हायेत. चोनकेवाला एक होता, तो हा असा बसला हाय."

बाबा जमिनीकडे पाहत राहिले.

मले राहवलं नाही. म्हटलं, काका, ऐका. अन् वाजवलं. काका ऐकत राहिले, डोकं खाजवलं. "आवाज त थोच हाय पोरी. पण तो दूर कुठंतरी वाजून रायला. दुसऱ्या गावात."

तरी म्हणाले, तालमीले आण तुहा डब्बा.

बायका गंमतीत उभ्या राहत नाहीत, हे मी म्हणाली. काका हसले, "तू कायले उभी रायतं? तू बस. बसलेल्या बाईले कोण का म्हणन?"

८ ऑक्टो.

आज बाबांनी खुर्ची फिरवायला लावली नाही!! काकासमोर वाजवलं म्हणून असेल.

मी वाजवू लागली. रे. वर नेला, आवाज बारीक झाला, तसा बाबांनी डावा हात उचलला अन् मले बोलावलं. पंजा आपल्याकडे, ये ये असं. मी वाजवणं सोडून गेली. "काय बाबा? पाणी?" मान नाही. "उठता काय?" नाही. पुन्हा बसली, पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच, ये ये. पुन्हा गेली. उशी दिली. पंखा लावला. चहा आणला. शेवटी त्यांनी खुर्चीच्या हातावर एवढ्या जोरानं थाप मारली की चहा सांडला.

मग मलेच रडू आलं. काय पाहिजे ते तरी सांगा ना बाबा. माणूस समोर बसलेला अन् त्याची एवढी आठवण येते, हे कोणाले सांगू.

१२ ऑक्टो.

तालीम. इज्जतीचा भाजीपाला.

समाजमंदिरात सिंथ काकाच्या ॲम्प्लिफायरले जोडला. माह्या हाताशी तीन कामं, हात दोन. उजवा पट्ट्यांवर, डावा रे. वर. व्हॉ.साठी हातच नाही. मी शहाणी, आधीच सारा आवाज ॲम्प्लिफायरवरून चढवून ठेवला. रे. वर असताना बरोबर वाजलं, काका खूश, गौळण रंगात आली. अन् मग मी रे. खाली आणला.

असा आवाज फुटला बाप्पा! नाच्या गौळण बनून डोक्यावर मडकं घेऊन ठुमकत होता, त्याचं मडकं फरशीवर. बाहेर बांधलेली बैलजोडी दावं तोडून पळाली. सारी गंमत पार्टी बैलामागं. नाच्या लुगड्यातच धावला, एका हातात पदर. रस्त्यावरच्या बाया हसून हसून खाली बसल्या.

बैल सापडले. मले कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. घरी येऊन आईले सांगितलं तर ती तोंडाले पदर लावून हसत होती. अन् बाबाही. तोंडाचा एकच कोपरा हलते त्यांचा, पण हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा.

मग असे रोज बैल पळवीन मी.

१८ ऑक्टो., दसरा

काका सोनं द्यायला आले. बाबांच्या मुठीत आपट्याचं पान ठेवून किती वेळ तो हात धरूनच बसले.

मी त्यांना म्हटलं, बाबा मले बोलावतात अन् गेली की चिडतात. काय ते, तुम्हाले समजते काय? वाजवून दाखवलं. रे. वर गेला तसा बाबांचा हात उठला, ये ये.

काका पाहत राहिले अन् एकदम मांडीवर थाप. "अवं पोरी, तो तुले नाई बलावून रायला! तो म्हनते पुढं ये. आवाज पुढं आन!"

मग उठून करून दाखवलं. बाबा मागं सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांच्या रांगेत उभे राहायचे. तार ताणली की चोनका बारीक होते, ढोलकीखाली जाते. म्हणून ताणता ताणता बाबा एक पाऊल पुढं यायचे, अजून ताणली का अजून एक. ढिली सोडली का पाऊल मागं. लोकांच्या कानाले आवाज एकसारखाच.

मी लहानपणापासून पाहत आली. मले वाटे बाबा रंगात येऊन नाचतात. आईलेही तसंच वाटे. आई म्हणाली, "माय वो, अन् मी म्हने, याले बायांनी पाहावं म्हून पुढंपुढं करते!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की काका खोखो हसले. मी हसली नाही. मले तो माणूस पुढं येताना दिसून राहिला होता, धोतर, काखेत चोनका, डोळे मिटलेले. बाबा, तुम्ही भरपाईच करत होता.

२२ ऑक्टो.

व्हॉ.च्या बटनाभोवती टिकल्या लावल्या. लाल, रे. खाली असताना. हिरवी, रे. अर्धा. मरून, रे. पूर्ण वर. घरात वाजवून वाजवून जागा नक्की केल्या. आता आंधळ्यालेही जमेल. फक्त हात पाहिजे. तिसरा.

बाबांचा डावा हात चांगला आहे. तार ताणायचे तोच हात.

दिवसभर हेच डोक्यात. ब्लाउजले बाही उलटी लावली.

२६ ऑक्टो.

विचारलं. खुर्ची सिंथजवळ आणली, त्यांचा हात उचलून व्हॉ.वर ठेवला. "बाबा, मी ताणते. तुम्ही पुढं या."

बाबांनी हात काढून घेतला. मांडीवर ठेवला. त्यावर उजवा, मेलेला हात उचलून ठेवला. झाकून टाकल्यासारखा.

ठीक आहे.

३१ ऑक्टो.

धान कापणी. हलका, लवकर येणारा धान साराच एकदम पिकला. आई बांधीत, मी बांधीत, दोघी धानाच्या शेतात, बाबा घरी एकटे. शेजारची म्हातारी लक्ष ठेवते. कंबर गेली. सिंथवर चादर टाकून ठेवली आहे, धूळ लय.

बांधीत कापता कापता तोच आवाज डोक्यात. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून तोंडानं टुंव टुंव करायचे, कापणाऱ्या बायकांचे हात जोरात चालावे म्हणून. आज कोणीच काही करत नव्हतं. नुसते विळे.

७ नोव्हेंबर, दिवाळी

दिवे लावले. पणत्यांत तेल घालताना बाबा मागं उभे होते, भिंत धरून. विचारलं, काय पाहिजे? काही नाही. नुसते उभे.

९ नोव्हें., भाऊबीज

प्रमोद आला. ओवाळलं. पुण्याचं रंगीत पाकीट अन् पुण्याची घाई, दोन्ही घेऊन आला.

मी सारं सांगितलं. तिसरा हात, टिकल्या, बाबा. तो हसला. "हत्तेच्या ताई! हे त आपोआप होते." बसला, मेनूत गेला, काहीतरी कशाले तरी जोडलं. मग रे. फिरवून दाखवला. व्हॉ. आपोआप चढला, आपोआप उतरला. कुठंच बसला नाही, कुठंच फुटला नाही. साफ, गुळगुळीत. एक हात पट्ट्यांवर, एक रे. वर. झालं काम.

मी वाजवलं. एकदम बरोबर होतं.

बाबा ऐकत होते. त्यांचा हात उठला नाही. ये ये नाही, काहीच नाही. बरोबर होतं तर कायले उठेल?

मी म्हटलं, "प्रमोद, काढ ते."

"काऊन? आता काय खराबी हाय त्याच्यात?"

"खराबी नाही. काढ."

"मंडईत फजिती करून घेशीन."

"करून घेईन. काढ म्हटलं ना."

आई म्हणाली हिचं डोकं फिरलं, म्हणजे माहं. त्यानं काढलं. रागानंच काढलं. त्याले कसं समजवू. मले आवाज पाहिजे हे मीच म्हणत होती ना इतके दिवस? आवाज तर मिळाला होता. मले बाबा पाहिजेत त्याच्यात.

११ नोव्हें.

प्रमोद सकाळच्या बसनं गेला. आई बांधीत. मी चादर काढून वाजवत बसली, चिडूनच. रे. वर. आवाज खाली बसला. बसू दे.

मागून पाय घासत आल्याचा आवाज. मी वळली नाही. वळली असती तर थांबले असते. बाजूला आले, टेबल धरलं. मग डावा हात आला, सुकलेला, बोटावर तारेचे जुने घट्टे. व्हॉ.वर बसला.

अन् आवाज पुढं आला.

मी रे. खाली आणला, तेही खाली आले. मी वर, तेही वर. टिकल्यांकडे पाहिलंही नाही त्यांनी. डोळे मिटलेले. मी मुद्दाम हळू नेला, मध्येच परत फिरवला, फसवून पाहिलं. फसले नाहीत. उलट मीच मागं पडली तर "आं!" म्हणून ओरडले माह्यावर.

भांडले माह्यासंग!

आई आली तेव्हा आम्ही वाजवतच होतो, चूल थंडी. ती दारात विळा घेऊन उभीच राहिली. मग म्हणाली, "आज उपाशी ठेवता काय मले दोघं बापलेक?" अन् डोळे पुसले.

१३ नोव्हें., मंगळवार. मंडई

लिहिते.

काकाचं नवं गाव. मोठं उघडं मैदान, झाड नाही, आडोसा नाही. पाळणे, भजी, बांगड्या, पिपाण्या. लोक हसले आम्हाले पाहून. "डीजे आला रे, डीजे!" खडी गंमत, सारे उभे, अन् आम्ही दोघंच खुर्च्यांवर. बाबांच्या डोक्यावर काकानं फेटा बांधला.

गण झाला. गौळण आली. मी रे. वर नेला, बाबा मरून टिकलीपर्यंत आले, अन् थांबलेच नाहीत. टिकलीच्या पुढं गेले. अजून पुढं. मी घाबरली. पुन्हा बैल, पुन्हा मडकं, सारं आठवलं. कोपरानं ढोसलं त्यांना. ऐकतात काय!

मग पाहिलं. मागं, पार पाळण्यांजवळ पाठ करून उभे असलेले लोक एकेक करत वळून राहिले. भज्यांच्या दुकानासमोरचे. बांगड्या भरणाऱ्या बाया, एक हात तसाच पुढं धरलेला. तेव्हा समजलं. माह्या टिकल्या घरातल्या. भिंती आहेत तिथं. इथं आवाज नुसता उडून जाते. बाबा मैदान पाहून पुढं गेले होते.

एक म्हातारा ओरडला, "चोनका कोन वाजवून रायलं गा?" काका गाता गाता थांबले अन् म्हणाले, "दोघं वाजवून रायले." अन् पुन्हा गाऊ लागले.

शेवटी मी बाबांकडे पाहिलं. मान हलवतील म्हणून. त्यांनी मान नाही हलवली. डावा पाय पाहिला मी त्यांचा, खुर्चीखालून निघून पुढं आलेला होता. एक पाऊल.

१४ नोव्हें.

बाबा दिवसभर झोपून. थकले. आई मले बोलली, लोकात नेलं म्हणून. बरोबर आहे तिचं.

व्हॉ. त्यांनी सोडला तिथंच आहे. मरून टिकली काढून तिथं लावली.

१७ नोव्हें.

ताप. पवनीहून डॉक्टर. छातीत कफ. औषध, आराम, थंडीत बाहेर काढू नका. काढणार कोण आहे.

काकाचा निरोप, बाजूच्या गावच्या मंडईनं बोलावलं. दोघांलेही या म्हणतात. मी काही कळवलं नाही.

२० नोव्हें.

ताप उतरला. पण उठत नाहीत. खाट आतल्या खोलीत, दारासमोर. जेवण आईच्या हातानं, थोडं. माह्याकडे पाहतात अन् मग छताकडे. मी विचारलं, बाबा, वाजवू? काहीच नाही. हो नाही, नाही नाही.

प्रमोदचा फोन. "ताई, ते सेटिंग पुन्हा जोडून घे. मी फोनवर सांगतो, सोपं हाय. बाबा नसले तरी चालेल." मग म्हणाला, "तसं नाही म्हणायचं होतं मले."

मले माहीत आहे त्याले कसं म्हणायचं होतं. फोन ठेवला.

२३ नोव्हें., पौर्णिमा

काकांना कळवा लागेल. उद्याच्या उद्या हो किंवा नाही.

आई देवळात गेली. घरात आम्ही दोघं. मी सिंथ सपरीतून ओढून दारासमोर आणला, त्यांना दिसेल असा. एक रिकामी खुर्ची बाजूले ठेवली. चालू केला. व्हॉ. लाल टिकलीवर.

तेच वाजवलं. सासर सोडून आली त्या दिवशीचं. जाडा, घुमणारा, मग हळूहळू रे. वर. आवाज चढला, बारीक झाला, खाली बसला. डावा हात माहा रे. वरच ठेवला. व्हॉ.ले हात लावला नाही.

बारीकच वाजत ठेवला. दूर, दुसऱ्या गावात वाजल्यासारखा. बाबा, या ना पुढं.

खाटेचं लाकूड कुरकुरलं. फक्त कूस बदलली असेल. वळून पाहिलं नाही मी. पट्टी आता डाव्या कोपरानं दाबून धरली आहे, अन् उजव्या हातानं हे लिहून राहिली. आवाज अजून चालू आहे.